महिला राखीव जागेवर मी कसा पडलो

१८ फेब्रुवारी
काल निकाल. पडलो.

भेस्तानच्या आमच्या वॉर्डात महिला राखीव जागा. कागदावर उमेदवार भागीरथी (पत्नी), पण भागातलं शेंबडं पोरही सांगेल की निवडणूक मी लढवत होतो. चार उमेदवार, चारही बायका. त्यात मी एकटा पुरुष, आणि लोकांनी मलाच पाडलं. याला लिंगभेद म्हणतात. पण पुरुषावर झाला की कोणी ब्र काढत नाही.

मी काढणार. आत्मचरित्र लिहिणार. रोज पहाटे पाचला उठून. दिवाळीपर्यंत तीनशे पानं.

२० फेब्रुवारी, सकाळी साडेदहा
आत्ताच उठलो. पराभवानंतर माणसाला इतकी झोप येते हे कोणी आधी सांगत नाही.

प्रकरण पहिलं: आकडे. पहिल्या मनीषाबेन. दुसऱ्या नंबरला नोटा. भागीरथी चौथी. आता ही नोटाची मतं कोणाची? माझी! माझे लोक आत गेले, मशीनवर माझं नाव शोधलं, मिळालं नाही. चिंधा (माझा उजवा हात) तर बाहेर येऊन बोंबलला, भाऊंचं नावच काढून टाकलं म्हणून. मग निष्ठावंत माणूस काय करणार? नोटा. मी स्वतः तेच दाबलं. तत्त्वाचा प्रश्न होता.

म्हणजे खरं पाहता मी दुसरा आलो.

२३ फेब्रुवारी
वृषाली (मुलगी, इथल्या गुजराती कॉलेजला) टायपिंग करून देणार होती. पहिल्याच वाक्याला अडली. ‘मी निवडणुकीला उभा राहिलो.’ म्हणे, पप्पा, आ तो खोटुं छे, उभी तर मम्मी होती. मी म्हटलं, तू टाइप कर, अक्कल शिकवू नकोस. लॅपटॉप उचलून मैत्रिणीकडे गेली. आता हातानेच लिहीन. मोठी माणसं हातानेच लिहायची.

१ मार्च
प्रकरण दुसरं: प्रचार. बॅनरवाला हितेश आता म्हणतो, चिन्ह दिसतच नव्हतं. आपलं चिन्ह शिलाई मशीन, ते माझ्या जोडलेल्या हातांमागे गेलं. हात लहान करायला हवे होते, हे त्याने तेव्हा सांगायचं ना! भागीरथीचा फोटो होता की कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा, पदर नाकापर्यंत. घरंदाज वाटली पाहिजे.

चॅनलवाल्याने तिला विचारलं, ड्रेनेजचं काय करणार. मी उत्तर दिलं. तिने तोंड उघडलं. मी पुन्हा उत्तर दिलं. बाईमाणसावर ताण नको. एका सभेत तिने माइक मागितला, पण मी चाळीस मिनिटं बोललो होतो, वेळच संपली.

तिचं योगदान मी नाकारत नाही. कार्यकर्त्यांच्या पुऱ्या रोज तिने एकटीने तळल्या. अर्थात पुऱ्या काय, कोणीही तळेल. पुस्तकात एक ओळ देईन.

१५ मार्च, बारडोली
लेखनाला एकांत हवा म्हणून साडू सुकदेवकडे आलोय. तो इथे साखर कारखान्यात आहे. आज लिहिलं काहीच नाही. मळीचा वास फार.

सुकदेव विचारत होता, ताई कशा पडल्या. त्याला दोन तास समजावलं: पुरुषांची कोंडी, नोटा, षडयंत्र. सगळं ऐकून म्हणाला, ते ठीक आहे हो, पण ताई कशा पडल्या?

२ एप्रिल
घरी आलो तर दारात बायकांची ही गर्दी. पडलेल्या नेत्याकडे लोक येतात ते उगाच नाही. घाईने कुर्ता चढवून बाहेर आलो. म्हणाल्या, वहिनी कुठे आहेत?

भागीरथी साड्यांना लेस लावायचं काम घरोघरी वाटते, त्यामुळे ओळख. गटाराचं पाणी सैपाकघरात शिरतंय म्हणे. त्यांना घेऊन महापालिकेच्या झोन ऑफिसला गेली. तिथला साहेब म्हणाला, मिस्टर को भेजो. ही जिन्यात बसली. बाकीच्याही बसल्या. साहेबाला जेवायला उतरता येईना.

४ एप्रिल
गटार उपसणारी गाडी आली. फेसबुकवर टाकलं: ‘माझ्या पाठपुराव्याला यश.’ लाइक दोन. एक माझा.

९ मे
मनीषाबेनचा राजीनामा! मुलाकडे कॅनडाला चालल्या. पोटनिवडणूक लागणार. देवाला डोळे आहेत. हितेशला नवे बॅनर सांगितले, हात लहान, चेहरा मोठा. आत्मचरित्र तूर्त बाजूला. पानं झाली दीड.

१४ मे
आमच्या आघाडीचे ललितभाई आले. तिकीट तेच देतात. त्यांनी विचारायच्या आत मी हो म्हटलं. ते म्हणाले, बेनला बोलवा. आणि या वेळी बॅनरवर फक्त बेनचा फोटो. मी म्हटलं, अहो, लोक मला ओळखतात. म्हणाले, तीच तर भीती आहे.

मी हसून म्हटलं, तिलाच विचारा, माझ्याशिवाय ती उंबरा ओलांडायची नाही. भागीरथी हात पुसत बाहेर आली. पाव्हण्यासमोर, आणि अहिराणीत!

“मांगे तुम्ही उभा राह्यनात. आते मी उभी राहसू.”

वृषालीने टाळ्या वाजवल्या. कार्टी. मी आत जाऊन बसलो. फार वाईट वाटलं. हे पुस्तकात घेणार नाही.

२ जून
ती गल्ली गल्ली पायी फिरते. बोलतेही बरी. माझ्याकडे कार्यकर्त्यांचं जेवण. अन्न विभागप्रमुख, असं पद मीच ठरवलं. पुऱ्या फुगत नाहीत. तेल बोगस आहे.

२१ जून, मतदान
मशीनसमोर उभा राहिलो. बोट सवयीने खाली, नोटाकडे. मग वर तिसरं नाव दिसलं. भागीरथीबेन. शेजारी शिलाई मशीन. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तिचं नाव असं छापलेलं मी नीट वाचलंच नव्हतं. मागच्या बॅनरवर तर बारीक होतं.

बाहेरून अधिकारी म्हणाला, काका, लवकर करा. दाबलं. कोणतं ते गुप्त असतं. पण शिलाई मशीन.

२३ जून
भागीरथी निवडून आली. दणकून.

आमच्या बूथवर नोटाला एकच मत. म्हणजे एक माणूस अजून माझा आहे. चिंधाच असणार. तेवढ्यात चिंधा हार घेऊन दारात. माझे डोळे भरून आले, मान पुढे केली. म्हणाला, भाऊ, जरा बाजूला व्हा, वहिनी येताहेत.

मागून चॅनलवाला. त्याने माइक माझ्यापुढे धरला. निवडणुकीत तुमचं योगदान काय, सांगा. इतक्या महिन्यांनी कोणीतरी नीट प्रश्न विचारला. मी घसा साफ केला, तोंड उघडलं.

उत्तर भागीरथीने दिलं. म्हणाली, कार्यकर्त्यांच्या पुऱ्या रोज त्यांनी एकट्याने तळल्या.

फुगल्या नव्हत्या, हे तिने सांगितलं नाही.