अच्युतने परत पाठवलेल्या फळ्या आणि माझ्या दोन खोल्या

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

परवा रेल्वे पार्सलने परत आलं ते असं: बर्फावर घसरत चालायच्या विलायती फळ्या, ज्यांना स्की म्हणतात, एक जोड, किंमत रुपये दोनशे साठ, सोबतच्या काठ्या, रुपये बावीस, आणि चिरंजीवांची चिठ्ठी, फुकट: "आई, किंमत वाचली. दुकानात परत कर. माझ्या पंधरा रुपयांच्या अजून चालतात."

म्हणून मी, दुर्गा चिंतामणी त्रिलोकेकर, वय एकोणसाठ, मॅट्रिक, राहणार ठाकूरद्वार, देवाच्या दयेने पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय (रागात आहे, पण राग म्हणजे दडपण नव्हे) हे मृत्युपत्र लिहून ठेवते.

एक. माझा मुलगा चि. अच्युत काश्मीरात हवामानाच्या ठाण्यावर नोकरीस आहे. हिवाळ्यात यंत्रं पाहायला त्याला बर्फावरूनच जावं लागतं. काटकसर त्याने माझ्याकडून घेतली आणि फळ्या डिलाईल रोडच्या दगडू मिस्त्रीकडून, फणसाच्या लाकडाच्या. दगडू देवाचे पाट उत्तम करतो. पण पाट जागेवर बसतो, डोंगर उतरत नाही. गेल्या माघात एक फळी मोडली, हा कंबरेपर्यंत बर्फात रुतला. आता तिलाच पत्रा ठोकून वापरतो. हे त्याने कौतुकाने कळवलं!

मी एक पाटली मोडून विलायती जोड घेतला. माझे दीर अप्पा म्हणाले, "वहिनी, एवढ्यात म्हैस आली असती."

"भावजी, म्हशीवर बसून बर्फ उतरता येत नाही."

महाग ते चांगलं, असं मी उभ्या जन्मात मानलेलं नाही. म्हणून काल विलायती फळी आणि दगडूने राखीव म्हणून दिलेली, इथे घरीच राहिलेली फळी पाटांवर आडव्या टाकल्या, आणि शेजारच्या कौसल्याबाईंना एकेकीच्या मधोमध उभं केलं. विलायती वाकली, पुन्हा सरळ झाली. दगडूची कडकन मोडली. कौसल्याबाई जमिनीवरूनच म्हणाल्या, "दुर्गाबाई, मृत्युपत्र तुमचं लिहायचंय की माझं?" त्यांना हळदीचा लेप लावला. जास्तीचे पैसे कशाचे, ते मला तिथे कळलं.

दोन. उरलेली पाटली मुलगी बेबी हिला. पोस्टातली शिल्लक गणपतीच्या देवळाला. मोडकी फळी दगडूला. तिचा पाट करावा. अप्पा भावजींना काही नाही. साक्षीदाराला काही देऊ नये असं वकील म्हणाले, ते बरंच झालं.

तीन. मुंबई कोणाची हे दिल्लीला ठरवता येत नसलं, तरी माझ्या हिश्शाच्या दोन खोल्या कोणाच्या हे मी ठरवते. अच्युतच्या, पण तो विलायती फळ्या वापरत असेल तरच. नाहीतर बेबीच्या.

सही: दुर्गा चिंतामणी त्रिलोकेकर

साक्षीदार: अप्पा त्रिलोकेकर (म्हशीबद्दल मत कायम)
कौसल्या विजयकर (सही उभ्याने केली, बसवत नाही)

गिरगाव, मुंबई
ता. १६ डिसेंबर १९५८

चि. अच्युत, ही नक्कल तुला. फळ्या आजच पुन्हा पार्सलने रवाना केल्या आहेत. मृत्युपत्र आईने मुलासाठी लिहायचं असतं. तुझ्या काटकसरीने हा क्रम बदलायला नको. पायात बांध, आणि बांधल्यास तसं उलट टपाली कळव.