सीट चार बोटं पुढे

८ सप्टेंबर, सोमवार
साडेपाचला आयटीआयमधून शिकवून आले ते थेट शेडमध्ये. आमच्या शर्यतीच्या गाडीत सीट बसवलेली. बसवलेली म्हणजे वेल्ड केलेली. बोल्ट नाहीत, सरकायची पट्टी नाही, तळाच्या पत्र्याला सरळ चार टाके. दादाच्या पायाच्या मापाने. मी बसून पाहिलं. क्लचला माझ्या बुटाचं टोक लागतं, दाबला काही जात नाही.
म्हणजे गाडी कोण चालवणार ते ठरलं. मला न विचारता.
बॉनेटवर खडूने लिहून आले: "सीट कुणाला विचारून?"

१० सप्टेंबर
बॉनेटवर उत्तर: "पिंजरा माझा, सीट माझी."
पिंजरा म्हणजे गाडीतली लोखंडी नळ्यांची चौकट, ती त्याने वेल्ड केलीय. इंजिन कुणाचं ते लिहायला खडू संपला असेल.
इथे नीट लिहून ठेवते, उद्या हा म्हणेल असं काही झालंच नव्हतं. गेल्या दिवाळीत तीन सिलिंडरच्या आठशे गाडीचा रिकामा सांगाडा आणला तेव्हा दादा आईसमोर म्हणाला होता, "तू ह्यात चार सिलिंडरचं इंजिन बसवून दाखव, शर्यतीला तूच बस." मी बसवलं. भंगारातलं तेराशेचं इंजिन सुटं करून धुतलं, रिंगा बदलल्या, माउंटिंग तीनदा कापून तीनदा जोडलं. आणि ऑगस्टमध्ये शर्यतीचा फॉर्म भरताना चालक म्हणून ह्याने स्वतःचं नाव घातलं. माझं कुठे? "सहाय्यक." विचारलं तर म्हणे, "तवा चेष्टा केल्ती."
तेव्हापासून बोलणं बंद. तो सकाळी शेडमध्ये, मी संध्याकाळी. मध्ये बॉनेट आणि खडू.

१४ सप्टेंबर, रविवार
दादा गिऱ्हाइकाची गाडी घेऊन नाशिकला गेला होता. ग्राइंडर लावला, चारही टाके उडवले, सीट चार बोटं पुढे घेऊन पुन्हा मारली. माझे टाके त्याच्यापेक्षा सरळ आहेत. अण्णा असते तर म्हणाले असते, पोरगी बापावर गेलीय.

१६ सप्टेंबर
सीट परत मागे. बॉनेटवर: "पुन्हा हात लावला तर पिंजरा कापून नेईन."
ने. पिंजऱ्यात बसून गॅरेजच्या दारात हॉर्न वाजव तोंडाने.

२१ सप्टेंबर
आई मधल्यामध्ये निरोप्या झालीय. जेवताना मला: "त्याला इचार, रेडिएटरचा पाइप कोन आननार." मी: "त्याला सांग, मी आणलाय." दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर. आई शेवटी म्हणाली, "तुमचा बाप गेला तवा वाटलं, दोघं हायेत एकमेकांना. आता वाटतं, एकच असता तरी चाललं असतं."
दादा हसला. मला हसू आलं होतं, मी दाबलं.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी
हत्यारांची पूजा. अण्णांच्या वेळेपासून चुकलेली नाही. ड्रिल, कॉम्प्रेसर, वेल्डिंग मशीन, अण्णांची पान्यांची पेटी आणि यंदा गाडी. आईने सगळं पुसून घेतलं. इंजिनावर मी काल फडकं टाकून ठेवलं होतं, कारण थ्रॉटल, इंजिनात हवा सोडणारी झडप, काढून धुवायला घेतलाय. आईने तेही ओढून फेकलं. "देवाच्या कामाला हे काळं फडकं कशाला गं?" मी दुसऱ्या बाजूला ब्रेकच्या नळीत अडकलेले, म्हटलं असू दे.
पाच ठिकाणी पाच विडे. हळद-कुंकू, झेंडू. दादाने नारळ फोडला. मला खोबरं आईच्या हातून मिळालं.

२ ऑक्टोबर. दसरा
चालू झाली!
सकाळी आईने विडे उचलले. "पाच मांडलेले, सुपाऱ्या चारच कशा?" म्हणत शेडभर खाली वाकून शोधत होती. मी म्हटलं, उंदराने नेली असेल, आता बाजूला हो. थ्रॉटल बसवला, चार बोल्ट आवळले, डोळे मिटून सेल्फ मारला. दुसऱ्या फिरकीला पकडलं. स्लोला असं गोड चाललं की बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला तरी हलू नये. आईने दोन्ही हात जोडले.
दादा दारात उभा. तोंडावर काही नाही. संध्याकाळी आपट्याचं सोनं आईला दिलं, शेजाऱ्यांना दिलं, माझं पान बॉनेटवर ठेवून निघून गेला. हातात द्यायला हात झिजला असता.

५ ऑक्टोबर, रविवार
साखर कारखान्याच्या रिकाम्या केन यार्डात चाचणी. गाळप सुरू झालं की तिथे बैलगाड्या लागतील, त्याआधी मोकळं मैदान. वॉचमन अण्णांच्या ओळखीचा.
आधी दादा. इंजिन गरम करायला सावकाश दोन चकरा. काही नाही, मस्त. मग मी, पाठीशी गोधडीची घडी घालून, तेव्हा कुठे पाय पोचले. दुसरा गिअर, पूर्ण रेस, आणि गाडी मेली. मेली म्हणजे एक सिलिंडर गेला. थरथर, धक्के, पिकअप शून्य. पाय काढला की परत ठीक. पुन्हा दाबला की पुन्हा तेच.
वर्षभर मरून तीनाचे चार सिलिंडर केले, आणि परत तीनावर.
दादा वॉचमनला, मला ऐकू जाईल असं: "माज्या हातात चालती, तिच्या हातात न्हाई."

९ ऑक्टोबर
तिसरा सिलिंडर. प्लग ओला निघतो. म्हणजे पेट्रोल येतंय, पेटत नाहीये. प्लग नवा टाकला. कॉइल तपासली. मध्येच कधीतरी खुळखुळ असा बारीक आवाज येतो, कुठून ते कळत नाही. हवेच्या वाटेकडे पाहायचं कारण नाही, ती मी स्वतः धुऊन स्वतः बंद केलीय.

१६ ऑक्टोबर
सापडलं. तिसऱ्याच्या प्लगची वायर बदललेली! मी नवी टाकली होती, तिथे जुनी, चिरा पडलेली, गॅरेजच्या भंगारातली. वर काळ्या अंगठ्याचा ठसा.
मी तशीच उठले आणि गॅरेजवर गेले. तीन गिऱ्हाइकं बसलेली, चहावाला उभा. सगळ्यांसमोर म्हटलं: "अण्णांचं गॅरेज घेतलंस, पाटीवर स्वतःचं नाव लावलंस, मी गप्प बसले. आता गाडी मला मिळू नये म्हणून माझं इंजिन मारतोस? एवढा भितोस मला?"
तो स्कूटरचं चाक हातात घेऊन उभा. चहावाला चहा ओतायचा थांबला.
बरं वाटलं. घरी येईपर्यंत वाटत होतं.
नवी वायर आणून टाकली. तरी तेच. अजून काहीतरी करून ठेवलं असणार.

१७ ऑक्टोबर
दोन महिन्यांत पहिल्यांदा तोंडावर बोलला. मी शेडमध्ये असताना आला, जे कधी येत नाही.
"मी बसलो अन् गाडी बंद पडली, तर तू जल्मभर म्हननार मीच मारली. तूच बस. मोडली तर तुझ्या हातानं मोडू दे."
"बसेनच."
"बस की. मला काय."
एवढंच. माझ्यासमोर चारही टाके उडवले, सीट पुढे घेतली, मारली. माप घेतलं नाही, मला बसायला सांगितलं नाही. तो गेल्यावर बसून पाहिलं. क्लच पूर्ण खाली जातो.
जिंकले म्हणायचं. गाडी तीन सिलिंडरवर, पण सीट माझी.

२१ ऑक्टोबर
लक्ष्मीपूजन. फटाक्यांच्या आवाजात इंजिन ऐकू येत नाही, म्हणून काम नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज
ओवाळायचं नव्हतं. आई म्हणाली, "मग मी जेवत न्हाई." ती खरंच जेवत नाही, दोनदा पाहिलंय.
दादा पाटावर. टोपी अण्णांची. मी ताट घेतलं: निरांजन, अक्षता, अंगठी, सुपारी. कुंकू लावलं, त्याच्याकडे न बघता. अंगठी आणि सुपारी त्याच्या कपाळावरून फिरवून ताटात टाकली, निरांजन ओवाळायला ताट उचललं. पहिल्या फेरीला सुपारी पितळेवरून घरंगळली. खुळखुळ.
तो आवाज.
पाच विडे, चार सुपाऱ्या. काळं फडकं आईने ओढलं. खाली उघडं भोक, वर विड्याची पानं, पानावर सुपारी. सकाळी पान सुकून वाकलेलं, सुपारी आत. आणि मी आत न बघता थ्रॉटल आवळला.
माझा हात थांबला. निरांजन एकीकडे कललं. दादा म्हणाला, "पेटवती का काय मला?" आई हसली. मी ओवाळणं कसंबसं पुरं केलं. ओवाळणीत त्याने पाकीट टाकलं, ते तिथेच विसरले.
दुपारी एकटीने थ्रॉटल काढून मॅनिफोल्ड, चारही सिलिंडरना हवा वाटणारा डबा, उघडला. होती. तेलाने काळी, घासून गुळगुळीत, हसत असल्यासारखी. रेस दिली की हवेबरोबर ओढली जाऊन तिसऱ्याचं तोंड बंद, पाय काढला की परत डब्यात. हवाच न मिळाल्यावर पेट्रोल पेटणार कसं? दादा सावकाश चालवत होता म्हणून त्याच्या हातात चालत होती.
पहिल्या वर्षाच्या पोरांना मी रोज सांगते, काही जोडायच्या आधी आत बोट घालून बघा.

२४ ऑक्टोबर
यार्डात एकटी गेले. चारही सिलिंडर. तिसऱ्या गिअरला पाठ सीटला चिकटली. ओरडले मी, कुणी ऐकायला नव्हतं तरी.
आल्यावर पान्यांच्या पेटीत कागदाची पुडी सापडली. आत माझी नवी वायर, नीट गुंडाळलेली. कागदावर दादाचं अक्षर: "मूळ वायर, ३ नं. चांगली आहे. दुसरी लावून बघतोय." तारीख १५ ऑक्टो.
म्हणजे तोही तिसऱ्याच्याच मागे होता. माझ्या इंजिनासाठी. आणि मी चहावाल्यासमोर...

२६ ऑक्टोबर
बॉनेटवर खडू: "४ चालतायत. रस्त्यावरून ऐकलं. काय होतं?"
त्याखाली मी लिहिलं: "सेटिंग."
अण्णा गिऱ्हाइकाला हा शब्द बोलू द्यायचे नाहीत. म्हणायचे, चूक लपवायची असली की मेकॅनिकच्या तोंडी सेटिंग येतं.

२९ ऑक्टोबर
आईला कळलं की तिच्या विड्याने हे झालं, तर पुढच्या खंडेनवमीला ती शेडमध्ये पाऊल ठेवणार नाही. म्हणून सांगत नाहीये. आईसाठी.
खोटं. सांगितलं तर माफी मागावी लागेल. माफी मागितली तर सीटही द्यावी लागेल, कारण ती त्याने माझ्या आरोपापायी सोडलीय, माझ्यासाठी नाही. आणि सीट मला द्यायची नाही. हे एवढं सरळ आहे.
त्याचाही राग येतो. भांडायचं होतं तेव्हा भांडला नाही. त्या दिवशी म्हणाला असता, "वायर मी तपासत हुतो", संपलं असतं. पण नाही, सायबाला गप्प राहून मोठं व्हायचं. फॉर्ममध्ये मला सहाय्यक लिहिणारा हाच.

१ नोव्हेंबर, शनिवार
गाडी टेम्पोत चढवली. दोघांनी चार दोर बांधले. तो डावीकडून, मी उजवीकडून. एकदाच बोलणं झालं:
"आवळ."
"आवळलाय."
आईने चाकाखाली लिंबू ठेवलं. विडा घेऊन इंजिनाकडे निघाली तेव्हा मी इतक्या जोरात "नको!" म्हटलं की दादाने मान वळवून पाहिलं. पाहत राहिला.

२ नोव्हेंबर, रविवार. तिसगावच्या अलीकडे, शर्यतीचा माळ
पहाटे निघालो, नगरला चहा. केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी मी, खिडकीशी दादा, मध्ये हेल्मेट. इथे सगळीकडे धुरळा, वीसेक गाड्या, लाउडस्पीकर.
तपासणीवाल्याने दोनदा पिंजरा ठोकून पाहिला आणि म्हणाला, "काम कुणाचं?" मी म्हटलं, "भावाचं." त्याने इंजिन पाहिलं. "आणि हे?" दादा म्हणाला, "हिचं." तिसऱ्या माणसाला सांगायला आम्हाला जमतं.
चालक बदलायचा असेल तर अकराच्या आत अर्ज. मी विसरलेच होते, यादीत अजून त्याचंच नाव आहे. हेल्मेट घ्यायला गेले तर त्यात अर्ज, घडी घालून. जुन्या चालकाची सही: केलेली. दादाची, गॅरेजच्या बिलावर करतो तशी, पूर्ण. नव्या चालकाचं नाव: कोरं.
आता साडेदहा होऊन गेलेत. टेम्पोच्या सावलीत बसून लिहितेय. अर्ज मांडीवर, वही त्याच्यावर, पेन हातात आहे. माझं नाव लिहायला पाच सेकंद लागतात. दहा दिवस सुपारी खिशात घेऊन फिरतेय, फेकता येत नाही. बसलं की टोचते.
मला ही गाडी चालवायची आहे. दुसरं काही इतकं हवंसं वाटलेलं नाही. आणि ज्याने सीट दिली त्याला अजून वाटतंय की मी त्याला चोर समजते.
पावणेअकरा. दादा पुढच्या चाकात हवा भरतोय.
उठले. सुपारी बॉनेटवर ठेवली, आम्ही खडूने लिहितो तिथे. परत येऊन बसले. अर्जावर अजून काही लिहिलेलं नाही.
त्याने हवेची नळी काढली. वर बघितलं. सुपारी उचलली, नखाने तेल खरवडलं, वास घेतला. इंजिनाकडे बघतोय. आता माझ्याकडे.
येतोय.