सात दहाची बस

शनिवार, १५ नोव्हेंबर. एकादशी.

ह्यांचा रुमाल तीनदा चोळला. नाकाचा काळा डाग निघत नाही! रोज जेल रोड ते सातपूर मोटारसायकलवर, द्वारका चौकाच्या धुरातून. गणपतीत तिथेच घसरले, मनगट अजून ठणकतं. पेट्रोलचा आकडा तर दर महिन्याला फुगतोच आहे. आज सुट्टी (सातपूरच्या कारखान्यांना शनिवारचीच), म्हणून विषय काढला. म्हटलं, बसने जा, निम्म्यात होईल.

"बसच्या भरवशावर? तीन लेटमार्क झाले की अर्धा दिवस कापतात. तू बसलीयेस का कधी त्या बसमध्ये?" पेपर पुन्हा तोंडासमोर.

नाही बसले. खरंच आहे ते.

दुपारी मयुरेशचा पुण्याहून फोन. चार मिनिटं. त्याला सांगितलं तर म्हणाला, आई, एक बस भरली की पन्नास बाइक रस्त्यावरून कमी. मी पुढे काही बोलणार तोच त्याला दुसरा फोन आला.

ठरवलं! अकरा दिवस मीच बसून वेळा लिहून आणते. ह्यांना सांगितलं, मारुतीचा नेम धरलाय, सोमवारपासून सकाळी लवकर निघेन. "बरं." कुठला मारुती, तेही विचारलं नाही.

सोमवार, १७

सात दहाची बस सात बाराला सुटली. सातपूरला आठ पाच. ह्यांना साडेआठला आत जायचं असतं — म्हणजे पंचवीस मिनिटं हातात.

देवाच्या नावाने खोटं नको, म्हणून उतरल्यावर विचारत विचारत मारुतीचं देऊळ गाठलं. लहानसंच, शेंदूर ताजा. अकरा प्रदक्षिणा घातल्या. आता नेम खरा झाला.

द्वारकेच्या सिग्नलला मोटारसायकली मोजल्या. त्रेसष्ट! बहुतेकांवर एकेकच माणूस. त्रेसष्ट घरांत कुणीतरी रुमाल चोळत असेल.

मंगळवार, १८

आठ तीन.

एका मुलीने पिशवी मांडीवर घेऊन जागा दिली. पल्लवी. पॅकिंगला आहे. "काकू, कोणती कंपनी?" काय सांगणार! म्हटलं, देवळात जाते. मागून आवाज आला, "देवाकडं ड्युटी! बरी हाय. पगार देतो का?" सगळ्या हसल्या. मीही. ती नवसाबाई, सुरगाण्याकडची आदिवासी, कारखान्यात झाडलोटीला, कंत्राटावर. माझ्याच वयाची असेल. मग सातपूरपर्यंत भाजीचे भाव, सुना, गुडघे — काही विचारू नका.

घरी आले तर घसा धरलेला. थंडी म्हणावी तर नाही. बोलून!

बुधवार, १९

आठ सहा.

नवसाबाईने डबा उघडला. नागलीची (नाचणीची) भाकर, वर ठेचा. अर्धी मोडून माझ्यापुढे केली. "घ्या बाई. गावची नागली हाय."

मी म्हटलं, उपास आहे.

"बुधवारचा?"

तिने अर्धी भाकर परत ठेवली, झाकण लावलं.

नेमात परान्न घेत नाहीत, खरं आहे. पण हा नेम तर मी ह्यांना सांगायला काढलेला! हात मागे आला तो नेमामुळे की माहेरच्या सोवळ्याच्या वळणामुळे? मारुतीला तेच विचारत अकरा प्रदक्षिणा घातल्या.

गुरुवार, २०

आठ सात. नवसाबाई पुढच्या दाराशी उभी राहून गेली. माझ्या शेजारी जागा होती.

रविवार, २३

काल सुट्टी. दिवसभरात ह्यांचं बोलणं: "आमटीत मीठ जास्त" आणि "दार लाव".

आज बसमध्ये पल्लवीने तिच्या स्थळाचं सांगितलं. मुलगा सैन्यात, घर देवळाली कॅम्पला. "काकू, होकार देऊ का?" मला विचारते! मयुरेशने घर घेतलं तेव्हा आम्हाला किल्लीचा फोटो आला होता.

म्हटलं, एकदा त्याच्याशी तासभर बोल. बोलतो का ते बघ. तेवढंच बघ.

नवसाबाई खिडकीबाहेर बघत होती. आठ चार.

बुधवार, २६. चंपाषष्ठी.

चारला उठून भरीत-रोडगे केले. देवाला नैवेद्य दाखवला आणि ह्यांच्या डब्याबरोबर आणखी एक डबा भरला. नवसाबाईसाठी. स्टॉपपर्यंत घोकत गेले — आज माझं घ्या, आणि तुमची भाकरी मला द्या.

ती आलीच नव्हती! पल्लवी म्हणाली, भात झोडायला गावाला गेली. कधी येणार? "काय माहीत."

डबा पोरींनी चाटूनपुसून संपवला. घोकलेलं तसंच घेऊन परत आले.

बस आज सगळ्यात उशिरा, आठ तेरा. तरी वेळेत.

शुक्रवार, २८

अकरावा दिवस. आठ पाच. साडेआठ एकदाही ओलांडले नाहीत. काम फत्ते!

उतरताना पल्लवी म्हणाली, "चला काकू, रविवारी भेटू." मी हो म्हटलं. नेमाच्या सांगतेचा नारळ हातात घेऊन खोटं बोलले.

रविवारपासून मला सातपूरला काय काम? मारुती तर आमच्या गल्लीतही आहे. चालत जाता येतं. तिकीट कशासाठी काढू, हिशेबात काय म्हणून लिहू?

शनिवार, २९

सगळ्या वेळा एका कागदावर नीट उतरवून दिल्या. ह्यांनी चष्मा लावून दोनदा वाचल्या. "बरोबर वाटतंय. उद्या जाऊन बघतो."

कुठून आणल्यास — नाही विचारलं.

ऐकलं त्यांनी माझं. मोटारसायकलवर जुनी चादरही घातली. मला जेवण गेलं नाही.

रविवार, ३०

हे संध्याकाळी आले ते कुरकुरत. "वेळेवर पोचलो, पण उभ्याने! खिडकीजवळची जागा रिकामी होती, तुझ्याच वयाची एक बाई बसू देईना. आमच्या काकूंची हाय म्हणे, येतील त्या. सातपूरपर्यंत रिकामीच नेली. कोण ही काकू?"

मी गॅस बंद केला आणि म्हटलं — मी.