तनूचे ड्रम, यांची झोप

मंगळ., ४ नोव्हें.
हे नाइट करून साडेसातला आले, भाकरी खाऊन आडवे झाले. मग घर मुकं. मिक्सर बंद, कुकर बंद, शिलाई मशीनवर कापड टाकलेलं, मी हातानं ब्लाउजचे हूक लावत बसलेली. लग्न झाल्यापासून नाइटच्या आठवड्यात हीच शिस्त. नऊला तनूनं वरच्या खोलीत पिठाचा डबा पालथा घातला आणि दोन लाटण्यांनी बडवायला घेतला. मी जिन्यातून ओरडले, बंद कर म्हणून. तिनं बंद केला आणि हे ताडकन उठून बसले. "काय झालं?" पुन्हा झोप नाहीच. दिवसभर माझ्यावर फुरंगटून. डब्याला पोचा. डबा माझ्या लग्नातला.

मंगळ., ४
तनूचं एकच. "मला खरा ड्रम पाहिजे. पायानं वाजवायचा असतो तो." शाळेच्या गॅदरिंगला कुणाचा तरी पाहिला तेव्हापासून हे वेड. हेडफोन लावून वाजवायचा इलेक्ट्रॉनिक मिळतो, हेही तिनंच शोधलं. नऊ वर्षांच्या पोरीला एवढं कळतं, पाढे मात्र येत नाहीत.
यांना लेकीला नाही म्हणता येत नाही. ते काम माझ्याकडं. हे म्हणाले, "घ्या. पण माझी झोप एकदा जरी मोडली तर दुसऱ्या दिवशी परत." मी लगेच हो म्हटलं. हेडफोन असल्यावर झोप कशाला मोडेल?

गुरु., ६
मोबाइलवर व्हिडिओ बघून डोळे गेले. रबराचे पॅड, जाळीचे पॅड. एक तर चटईसारखा गुंडाळून ठेवायचा. सगळे सांगणारे गोड बोलणारे, त्यामुळं कुणावरच विश्वास बसेना. एक ब्लाउज उलटा कापला.

शुक्र., ७
दादाला फोन करावाच लागला. बैल असो, ट्रॅक्टर असो, जावई असो, आमच्या माहेरी पसंतीला कासुर्डीहून दादाच जातो. न विचारता घेतलं तर वर्षभर बोलणार नाही. हे पण त्याचीच पसंती, तेव्हा जास्त बोलण्यात अर्थ नाही.
दादा : "आगं, आक्टोपॅड घे. बँजोवाली पोरं वाजवत्यात बघ लग्नात. हातानं वाजतंय, पायाचं काय काम हाय त्यात?"
तनूनं फोन ओढून घेतला. "मामा, पाय नसला तर तो ड्रमच नाही."
दादा म्हणाला, "बरं. आईवर गेलीया."

रवि., ९
दादा आणि तनूला घेऊन दौंडला. माझ्याकडं शिवायला येणाऱ्या एका ताईंच्या ओळखीनं कांबळेबाईंचा पत्ता लागला. बाई रेल्वेत नोकरीला. मुलगा शिकायला नागपूरला गेला, त्याचे इलेक्ट्रॉनिक ड्रम घरी चादरीखाली.
दादानं आधी चहा, मग तपासणी. प्रत्येक पॅड हलवला, स्टूल उलटं करून बघितलं, वायरी ओढून पाहिल्या. दात बघायचे तेवढे राहिले. मग टोपीवरून हेडफोन चढवला, काठी घेऊन दणादण वाजवलं आणि बोंबलला, "ह्यात कायबी खोट न्हाई." त्याच्या कानात ड्रम, आम्हाला फक्त दादा. शेजारच्या दोन बायका दारात आल्या.
मी जाळी बोटांनी दाबून पाहिली. वीण घट्ट, कडेला उसवलेली नाही. तेवढंच मला कळतं.
तनूचा पाय पेडलला पोचेना. चेहरा एवढासा झाला. कांबळेबाईंनी स्टूल पार खाली केलं, तिला त्याच्या अगदी कडेला बसवलं. पोचला. मग ती उठेचना. बाईंनीही उठवलं नाही. म्हणाल्या, "वाजवणारं पोर आलं तरच द्यायचं ठरवलं होतं. रोज पुसत होते बघा."
निघताना मला स्वैपाकघरात घेतलं. "ताई, एक सांगते, मागनं शिव्या नकोत. हेडफोननं वरच्या पॅडचं भागतं. पेडलचा दणका मात्र फरशीतनं खाली जातो. आमच्या खालच्या काकू हातात चिमटा घेऊन वर यायच्या."
हे खालीच झोपतात. वरची खोली तापते म्हणून.
पेडल राहू द्या, बाकीचं द्या, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. बाहेर तनू एका पायानं घर हलवत होती. पेडलसकट घेतलं.
परत येताना गाडीत दादा हळूच, "सामान चोख हाय. पर फरशीचं दाजींना सांगनार हायस का न्हाई?"
मी खिडकीबाहेर ऊस बघत बसले.

मंगळ., ११
हे या आठवड्यात सेकंड शिफ्टला. ते गेल्यावर वाजवायचं, असा नियम केला. आज मी यांच्या जागी, यांच्या उशीवर निजून ऐकलं. पॅडचं काही नाही. पेडल मात्र धप्, धप्, धप्, थेट डोक्यात. वर कुणी मसाला कांडतंय असं वाटतं.

गुरु., १३
ड्रमखाली सतरंजी घातली. उपयोग नाही. गोधडी घातली. नाही. दोन गाद्या घातल्या तर स्टूल कलंडलं आणि तनू झांजेच्या पॅडवर. नाकाला लागलं. रडली नाही. म्हणाली, "पप्पांना सांगू नको, परत करतील." तेव्हा मला रडू आलं.

रवि., १६
दादा गोठ्यातली रबरी मॅट घेऊन हजर. गायी घसरू नयेत म्हणून घालतात ती, चांगली जाडजूड. "गायी रातभर पाय आपटत्यात. कवा आवाज आलाय का घरात?" फिनेलनं तीनदा धुतली. ड्रम त्यावर मांडले. दणका कमी झाला, गेला नाही. वास अजिबात गेला नाही.
संध्याकाळी हे : "वर म्हैस बांधली का?"
म्हटलं, दादानं दिलीय, फरशी गार राहते. दादाचं नाव घेतलं की हे पुढं विचारत नाहीत.

रवि., २३
उद्यापासून नाइट. मंगळवारी सकाळी पहिल्यांदा हे खाली आणि ड्रम वर. तनूला म्हटलं, पप्पा नाइटला असतील तेवढे दिवस राहू दे. तिनं फक्त मान हलवली. तीन आठवड्यांतून एक आठवडा बंद, मग परीक्षा, मग उन्हाळा. असंच बंद पडतं सगळं, मला माहीत आहे. म्हटलं, वाजव. जे व्हायचं ते होऊ दे.

मंगळ., २५
नऊ वाजता तनू वर. मी यांच्या दारात उभी, हातात नुसतीच सुई. धप्. धप्. हे घोरत होते. धप्. घोरणं तसंच. मी देवाचं नाव घेत होते. बराच वेळ गेला, माझे पाय भरून आले. मग तनू पाणी प्यायला थांबली.
हे ताडकन उठून बसले. "काय झालं? बंद का पडलं?"
मी सगळं सांगून टाकलं. दौंड, फरशी, गाद्या, मॅट. हे डोळे चोळत ऐकत होते. मग म्हणाले, "कंपनीत पत्रा ठोकणारा प्रेस आठ तास कानाशी आपटतो गं. आपटतोय तवर सगळं ठीक. थांबला की पळत जाऊन बघावं लागतं, कुणाचा हात तर न्हाई ना अडकला."
म्हणजे त्या दिवशी डब्यानं जाग आली नव्हती. मी बंद करायला लावला म्हणून आली.
"मग ड्रम राहू देत ना?"
"राहू दे की. आजचं माफ, पुढं अट तीच. झोप मोडली की परत." कूस बदलून झोपले.

बुध., २६
रात्रभर राग राग. इतकी वर्षं मी या घरात चोरासारखी वावरले. फोडणीसुद्धा झाकण धरून दिली. आज मुद्दाम मशीन चालवलं. हे ढिम्म. शिवण संपली, थांबले, तर आतून आवाज : "काय झालं?" मशीन दर शिवणीला थांबतं. यांची झोप टिकवायला त्याचा उपयोग नाही. तनूचा ठोका थांबत नाही.

गुरु., २७
तनू दमली. मी जिन्यातून डोकावले तर तिनं तोंडानं नुसती खूण केली, पाय दुखतोय. मी वर गेले. ती कुजबुजली, "मम्मी, थांबले तर पप्पा उठतील. परत करतील. मग शाळेत कधी जाऊ?"
दप्तर भरायचं राहिलेलं, वेणी राहिलेली.
मी तिच्या शेजारी स्टुलावर टेकले, तिच्या पायाशेजारून माझा पाय सरकवला आणि ठोका न चुकवता तिला बाजूला केली. मशीन चालवणारा पाय आहे. चुकत नाही. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं कधी बघितलं नव्हतं. मग वेणी न घालताच गेली.
मांडीवर ब्लाउज, हूक लावून झाले. आता हे लिहितेय. खाली घोरणं चालू आहे. डाळ भिजलीय, कुकर लावायचाय, साडी न्यायला एक बाई येणार आहे, ती खालून हाक मारेल. पाय चालूच आहे. उतरू कशी, कळत नाही.