बाणाईचा पट्टा

११ नोव्हेंबर

बाणाई गेली! सकाळी शाळेमागच्या उसाच्या बांधावर सापडली. मान फाडलेली. सगळे म्हणतात बिबट्या. मी जुन्नरला घरी होते, दुपारी वसतिगृहात परत आले तर शेजारची तिची कॉट रिकामी. रडूसुद्धा येत नाही.

१२ नोव्हेंबर

गळ्यातला लोखंडी काट्यांचा पट्टा तिच्या आबांनीच करून दिलेला — मेंढरांमागच्या कुत्र्यांना घालतात तसला. वसतिगृहातल्या पोरी खूप हसल्या. ती म्हणायची, "हसा लई! वाघ मानच धरतो." मग जवळच्या वस्तीवर बिबट्या आला आणि शाळेनं सगळ्यांनाच पट्टे वाटले! ही तर पट्ट्याशिवाय नळावरसुद्धा जात नसे. आणि तिचा पट्टा खोलीत, खुंटीवर!

"विसरली असेल पोर," रेक्टर निर्मला मॅडम पोलिसांना म्हणाल्या. बाणाई? आणि विसरेल?

१४ नोव्हेंबर

पिंजऱ्यात बिबट्या अडकला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही.

१५ नोव्हेंबर

आबा, म्हणजे तिचे वडील यमाजी, तिची ट्रंक न्यायला आले. पट्ट्याचं बकल त्यांना उघडेना. पावसाळ्यात गंजलंय ते — मागून अंगठ्यानं डावीकडे दाबून खाली ओढलं तरच सुटतं. रोज मीच सोडायचे. मी घरी गेले की बया पट्टा घालूनच झोपायची! मी बकल उघडून दाखवलं. आबा म्हणाले,

"तिला येकटीला निघत न्हवता? मंग कुनी काढला?"

आबांनी पट्टा मलाच दिला. "तू घाल, महेक. आमाला आता कशाला."

१६ नोव्हेंबर

सराव परीक्षेचा पेपर कुणी फोडला ते बाणाईला कळलं होतं. नाव सांगेना. "आधी आबांना, मग तुला." म्हणूनच मारलं तिला. आणि मारणारा ओळखीचा — एरवी पट्टा सोडायला ती कुणाकडे पाठ करून उभी राहिली असती का?

अम्मी फोनवर म्हणाली, गप्प बस. कशी बसू? तिच्या खुनाचं पाप मुक्या जनावराच्या माथी! पेपरचं, आणि पट्टा दुसऱ्याच कुणीतरी काढल्याचं मी निर्मला मॅडमना सांगितलं. त्यांनी जवळ घेतलं. "मी तर त्या पट्ट्याला कधी हातही लावला नाही गं. कुणाजवळ बोलू नकोस. मी बघते." पहिल्यांदाच पोटभर रडले. आता मी एकटी नाही.

१७ नोव्हेंबर

सकाळी बाणाईचा पट्टा घालून नळावरून आले. मॅडम दारातच उभ्या होत्या. "ये, पट्टा सोडते." बकल कसं सोडायचं ते सांगायला मी तोंड उघडलं, तोवर मागून त्यांनी अंगठ्यानं ते डावीकडे दाबलं, खाली ओढलं — पहिल्याच झटक्यात सुटलं.