खारवलेली लिंबं

४ फेब्रुवारी
कुर्र कुर्र — अख्ख्या वर्गाच्या पाट्यांवरच्या पेन्सिली! कविता लिहून काढायला सांगून गुरुजी खिडकीशी उभे राहत, तेव्हाचा तो आवाज. आज इतक्या वर्षांनी ऐकला. बाल्कनीतल्या गांडूळखताच्या पेटीला कान लावला होता.

पेटी हिची. ही गेली, घरात हिचं म्हणून जिवंत असं एवढंच उरलंय.

७ फेब्रुवारी
केळ्याच्या सालीवर पांढरी बुरशी चढलेली. उपसून टाकणार, तेवढ्यात हिचं आठवलं — "हात लावू नका! ती त्यांची स्वयंपाकीण. गांडुळांना दात कुठायत? तुमच्यासारखंच बोळकं. आधी कुणीतरी मऊ करून द्यावं लागतं."

मला आता कोण देणार?

८ फेब्रुवारी
मुलगी फोनवर — "बाबा, देऊन टाका ती पेटी कुणाला तरी. तुमच्याच्यानं होणारे का?"

न व्हायला काय झालं!

१२ फेब्रुवारी
फ्रिजच्या तळाशी बरणी सापडली. हिनं मिठात मुरवलेली लिंबं. शेवटची. घशाखाली उतरेनात. कचऱ्यात टाकायला हात होईना. मग वाटलं, हिच्या हातचं हिच्याच गांडुळांनी खावं, त्याची माती व्हावी, त्या मातीत गुलाब फुलावा... शाळेतल्या कवितांत असंच असायचं, काही म्हणून वाया जायचं नाही. अख्खी बरणी पेटीत उपडी केली. फार दिवसांनी बरं वाटलं.

१३ फेब्रुवारी
पेटीच्या कडांवर, झाकणाला, फरशीवर — गांडुळंच गांडुळं. पळतायत!

१५ फेब्रुवारी
मीठ. अरे गाढवा, मीठ! त्या उघड्या, ओल्या अंगांना मीठ, आणि वर आंबट! एकेक उचलून पाण्यात धुतलं. बोटांवर दोऱ्यासारखी लोंबत राहिली.

कान लावला. काही नाही.

१६ फेब्रुवारी
वास सुटलाय. मुलीचा फोन घेतला नाही.

१७ फेब्रुवारी
सकाळी दारात खालच्या मजल्यावरचा चष्मेवाला. पेटी आणली तेव्हा "काकू, आज किडे पाळताय, उद्या साप पाळाल!" म्हणून भांडायला आलेला, तोच. म्हटलं, घे बाबा, आजही भांडून घे.

त्याच्या हातात बादली. वर ओलं गोणपाट.

"वास आला तेव्हाच समजलो, काका. काकू असताना कधी आला नव्हता. तेव्हा भांडायला आलो, तर त्यांनी मूठभर गांडुळं माझ्याच हातावर ठेवली. म्हणाल्या, आमच्या यांना सांगू नकोस, उगाच कविता करत बसतील. धरा. माझ्याकडे आता मावत नाहीत."

बादलीला कान लावला.