चार गाड्या आणि माझं कुलूप

तीर्थस्वरूप मामा आणि मामी,

दोघांच्या पायांवर डोकं ठेवलं आहे असं समजून घ्या, कारण इथे खरोखर वाकलो तर डोकं गाडीच्या चाकाला लागतं. मामा, गुडघा काय म्हणतो? मामींनी त्याला शिव्या घालणं सोडलं की नाही? (गुडघ्याला. तुम्हाला घालणं सोडणार नाहीत, ते मला ठाऊक आहे.) माझी तब्येत बरी आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

तुम्ही शब्द टाकून मला इथे चिकटवलंत आणि सगळ्यांना सांगितलंत, पोरगं मेट्रोत लागलं. लागलं खरं, पण मेट्रो लोकांना जिथे नेते तिथे नव्हे, लोकांना सोडून जिथे अंग टाकायला येते तिथे. मोठं यार्ड आहे. रुळाला रूळ लागून आणि त्यांवर गाड्या एकीमागे एक, दावणीला बांधल्यासारख्या. आम्ही त्यांच्या पोटाखालच्या खड्ड्यात उतरायचं, ब्रेक बघायचे, ग्रीस भरायचं, कुठून कुठून अडकून आलेल्या पिशव्या ओढून काढायच्या. गाडी फार तर धुवायला जाते आणि न्हाऊन परत येते. तेवढाच माझा प्रवास. माझी एका जागी मांडी ठरत नाही हे तुम्ही जाणताच. छापखाना सोडला, टायरचं दुकान सोडलं, बर्फाच्या कारखान्यातून तर थंडी वाजते म्हणून पळालो (बर्फाच्या कारखान्यात थंडी असणार हे आधी कुणी सांगितलं नव्हतं). तेव्हाच बाबा म्हणाले, पुन्हा नोकरी टाकून उंबऱ्यात उभा राहिलास तर मी तुला ओळखणार नाही. त्या दिवसापासून ते फोनवरही येत नाहीत. आई बोलते आणि मागे त्यांचा खोकला ऐकू येतो. मी त्या खोकल्यालाच नमस्कार करतो.

आता कुलपाचं ऐका. इथला नियम असा की गाडीखाली उतरण्याआधी खटका पाडून तिची वीज तोडायची आणि त्या खटक्याला प्रत्येकाने आपापलं कुलूप घालायचं. कुलपावर आपला फोटो, किल्ली आपल्या खिशात. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं, मग साहेबाचा बाप येवो. कारण कुलूप आहे म्हणजे गाडीखाली माणूस आहे. नियम चांगला आहे. फक्त तो करणाऱ्याने माझ्यासारखा माणूस हिशेबात धरला नव्हता.

परवा दुपारी मी खड्ड्यात असताना फोरमन वरून ओरडला, "अरे ए भिरभिऱ्या, कालचा बोल्ट ढिला कुणी ठेवला?" मी ठेवला नव्हता. (निदान तो तरी नव्हता.) माझं टाळकं सरकलं. वर आलो, हेल्मेट आपटलं आणि म्हणालो, "ही तुमची नोकरी घ्या, मी चाललो!" शेजारी हवेचा पंप धडधडत होता, त्यामुळे माझा राजीनामा कुणाच्या कानावर गेलाच नाही. मी मात्र खोलीवर जाऊन पिशवी भरली आणि गावाकडच्या बसच्या थांब्यावर जाऊन बसलो. तिथे बसून बाबांना काय सांगायचं ते घोकत होतो, तोच साहेबांची गाडी कचकन थांबली. आतून खुद्द साहेब आणि फोरमन धावत आले. म्हटलं, आता कळली किंमत! मी बसूनच राहिलो आणि सगळं सुनावलं. खड्डा, माझी कंबर, बोल्ट, माणुसकी, काही सोडलं नाही. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा फोरमनने हात जोडले, "सगळं कबूल रे बाबा. चल आणि आधी तुझं कुलूप काढ."

मामा, धरणी दुभंगली असती तर मी तिकीट काढून आत गेलो असतो. माझी गाडी रांगेत सगळ्यांत पुढे. तिच्या मागे आणखी तीन अडकलेल्या, आणि संध्याकाळची गर्दी तोंडावर. मी किल्ली पुढे केली, तर कुणी घेईना. तुझं कुलूप, तुझाच हात. मला साहेबांच्या शेजारी बसवून नेलं. (इतक्या मानाने कधी कुठे गेलो नव्हतो.) वाटेत फोरमनच्या गुडघ्यांकडे लक्ष गेलं. पँट फाटलेली, ग्रीसने काळी. कुलूप दिसलं म्हणून मी खाली कुठे पडलोय असं समजून तो पूर्ण गाडीखालून रांगत हाका मारत गेला होता. सगळं यार्ड बॅटऱ्या घेऊन मला शोधत होतं. शेवटी खोलीतल्या जोडीदाराने थांब्याचं सांगितलं. मी कुलूप काढलं, गाड्या गेल्या. कुणी एक शिवी दिली नाही. दिली असती तर रात्री जेवण घशाखाली तरी गेलं असतं. फोरमन एवढंच म्हणाला, "जायचं तर जा, पण कुलूप काढून जात जा. राहायचं का, ते सोमवारी सांग." यांच्या धावपळीत माझी बस चुकली, ती चुकलीच. आता ना इथला, ना तिथला. फोनवर आई रडेल म्हणून तुम्हाला लिहितोय.

तुमचा, कुणालाच नको असलेला,
भाचा

ता. क. हे पत्र बाबांना दाखवू नका.

आणखी ता. क. दाखवा, पण बोल्टाचं तेवढं गाळून वाचा.

शेवटचा ता. क. मामा, बस चुकली नव्हती. साहेब यायच्या आधीच ती आली, समोर उभी राहिली, कंडक्टरने दोनदा विचारलं. मी चढलो नाही. बाबा ओळखणार नाहीत म्हणाले होते ना. तर खरं काम असं, की सोमवारच्या आत त्यांच्याकडे जा आणि मला फोनवर एकदा "ये" म्हणायला लावा. येणार नाही मी, त्यांनी घाबरू नये. पण जायला जागा नाही म्हणून इथे राहिलोय असं वाटलं की पाना हातात धरवत नाही. ते "ये" म्हणाले, तर मी राहीन म्हणतो.